दूरचित्रवाणी पडद्याचा आकार

दूरचित्रवाणी ग्राहीच्या (संचाच्या) ज्या पृष्ठभागावर चित्र उमटते, त्याला पडदा म्हणतात. दूरचित्रवाणी संचांचे पडदे जवळजवळ सर्वत्र आयताकार असून त्यांची रुंदी उंचीपेक्षा अधिक असते. रुंदी व उंची यांच्या गुणोत्तराला चित्रगुणोत्तर असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गुणोत्तर बहुतेक सर्व देशांत ४:३ होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याची जागा १६:९ या गुणोत्तराने घेतली.

आयताकार पडदा इतका अंगवळणी पडला आहे की, त्याला काही कारण असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. परंतु हा आकार निसर्गाने दिलेला नाही. भिंगातून पडणारी प्रतिमा वर्तुळाच्या मर्यादेत असते. दूरचित्रवाणीच्या जुन्या चित्रनलिकेचे काचेचे तोंड वर्तुळाकार होते. माणसाचे दृष्टिक्षेत्र तर काटेकोर कडा नसलेले, आडवे व लंबगोलाकार असते. या तिहींपैकी एकही गोष्ट आयताकार नसताना पडदा मात्र आयताकार झाला. याचे कारण पडद्याच्या काचेत नसून चित्र फिल्मवर साठविण्याच्या आणि ते दूरवर पाठविण्याच्या पद्धतींत आहे. या पद्धतींची मानके एकदा ठरल्यावर काच, संच व प्रेक्षकांच्या सवयी त्यांच्याशी जुळवून घेत गेल्या.

वर्तुळाकार प्रतिमा व आयताकार चौकट : जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांनी १८८८ मध्ये विक्रीस आणलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे सु. ६५ मिमी. व्यासाची व पूर्णपणे वर्तुळाकार होती. भिंगाच्या प्रतिमेचा कडेचा भाग अस्पष्ट असतो. वर्तुळाकार चौकटीमुळे तो वगळला जाई. तसेच कॅमेरा थोडा तिरपा धरला गेला, तरी वर्तुळात ते जाणवत नसे. या कॅमेऱ्यात सु. ७० मिमी. रुंदीची फिल्म वापरीत. टॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत चलच्चित्रणाचे प्रयोग करणारे विल्यम केनेडी लॉरी डिक्सन (१८६०–१९३५) यांनी प्रारंभी वर्तुळाकार प्रतिमाच घेतल्या. १८९१ मध्ये १९ मिमी. रुंदीच्या, आडव्या सरकणाऱ्या फिल्मवर त्यांनी घेतलेले चलच्चित्र वर्तुळाकार आहे.

यानंतर डिक्सन यांनी ७० मिमी. रुंदीची फिल्म मधोमध कापून ३५ मिमी. रुंदीची पट्टी तयार केली आणि ती उभी सरकविण्याची योजना केली. पट्टी अचूकपणे सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडली. छिद्रांच्या दोन रांगांमध्ये चित्रासाठी सु. २५ मिमी. रुंदीची जागा उरली. प्रत्येक चित्रासाठी त्यांनी चार छिद्रांची लांबी ठरविली व ती सु. १९ मिमी. भरली. २५ व १९ यांचे गुणोत्तर जवळजवळ ४:३ येते. लांब पट्टीवर एकाखाली एक चित्रे घ्यावयाची असतील, तर वर्तुळांमधील कोपऱ्यांची जागा वाया जाते. आयत मात्र एकमेकांना चिकटून बसतात. एका फुटात सोळा चित्रे मावणाऱ्या या महाग पट्टीवर ही बचत महत्त्वाची होती. चलच्चित्राला आयताकार चौकट मिळण्यात पट्टीच्या या रचनेचा मोठा वाटा आहे.

एडिसन यांचे कायनेटोस्कोप हे चित्रदर्शक यंत्र १८९३ मध्ये लोकांपुढे आले. ल्यूम्येअर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्या यंत्रासाठी वेगळ्या प्रकारची छिद्रे निवडली, पण फिल्मची रुंदी ३५ मिमी.च ठेवली. १९०९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या चित्रपट निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ३५ मिमी. फिल्मला मान्यता मिळाली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविलेली ल्यूम्येअर चित्रे ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मवरचीच होती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मधील राजा हरिश्चंद्र या चित्रपटासाठीही हीच फिल्म वापरली. अशा रीतीने दूरचित्रवाणीचा जन्म होण्यापूर्वीच चलच्चित्र म्हणजे आडवा आयत, हे समीकरण रूढ झाले होते.

१९२६ नंतर ध्वनीची पट्टी फिल्मवरच चित्राच्या शेजारी छापली जाऊ लागली, तेव्हा चित्राची रुंदी घटून चौकट जवळजवळ चौरस (१·१९:१) झाली. या वेळी आकाराचा प्रश्न पुन्हा खुला झाला. रशियन दिग्दर्शक स्यिर्ग्येई आयझेनस्टाइन (१८९८–१९४८) यांनी १९३० मध्ये हॉलिवुड येथे दिलेल्या व्याख्यानात चौरस पडद्याचा पुरस्कार केला. चौरसात आडवी व उभी अशी दोन्ही प्रकारची रचना करता येईल आणि माणूस, वृक्ष, मनोरा यांसारख्या उभ्या गोष्टींना न्याय मिळेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते स्वीकारले गेले नाही. १९३२ मध्ये अमेरिकेच्या चलच्चित्र कला व विज्ञान अकादमीने चित्राची उंची कमी करून १·३७:१ हे गुणोत्तर निश्चित केले. म्हणजे ध्वनीमुळे मोडलेला जुना आकार जवळजवळ जसाच्या तसा परत आणण्यात आला.

यांत्रिक दूरचित्रवाणी : चित्राचे लहान लहान भाग क्रमाक्रमाने वाचून त्यांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करण्याच्या क्रियेला क्रमवीक्षण म्हणतात. जर्मन संशोधक पाउल निपको (१८६०–१९४०) यांनी १८८४ मध्ये यासाठी सर्पिल मांडणीत छिद्रे असलेल्या फिरत्या तबकडीची कल्पना मांडली. तबकडीचे प्रत्येक छिद्र चित्रावरून वर्तुळाच्या कंसावरून सरकते. त्यामुळे मिळणारे चित्र काटेकोर आयत नसून दोन कंस व दोन त्रिज्या यांनी वेढलेला पाचरीसारखा तुकडा असतो.

स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड (१८८८–१९४६) यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे १९२९ ते १९३५ या काळात ब्रिटिश प्रसारण संस्थेच्या (बीबीसीच्या) प्रेषकांवरून त्यांच्या पद्धतीने प्रसारण होत असे. त्यातील चित्र ३० रेषांचे होते. या रेषा उभ्या होत्या व चित्राची उंची रुंदीच्या दुपटीहून अधिक होती (उंची ७, रुंदी ३). एवढ्या थोड्या रेषांत विस्तृत दृश्य दाखविणे अशक्य होते. बोलणाऱ्या वा गाणाऱ्या एका व्यक्तीचे डोके व खांदे ओळखू येतील एवढेच साध्य होते आणि त्यासाठी उभा आयत सोयीचा होता. ब्रिटनमधील पहिल्या नियमित दूरचित्रवाणीचा पडदा उभा होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. अल्प क्षमतेच्या यंत्राने माणसाचा चेहरा दाखवावयाचा, या गरजेतून तो आकार आला होता. रेषांची संख्या वाढताच ती गरज संपली व तो आकारही मागे पडला.

इलेक्ट्रॉन शलाका व आयताकार क्रमवीक्षण : कार्ल फेर्डिनांट ब्राउन (१८५०–१९१८) यांनी १८९७ मध्ये तयार केलेली ऋण किरण नलिका ही पुढील चित्रनलिकेची पूर्वज होय. तिच्यात इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका पडद्याच्या आतील अनुस्फुरक लेपावर आदळते व तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. ए. ए. कॅम्बेल स्विंटन (१८६३–१९३०) यांनी १९०८ मध्ये प्रेषण व ग्रहण या दोन्हींसाठी अशी नलिका वापरावी असे सुचविले. तबकडीच्या छिद्राचा मार्ग यांत्रिक रचनेने बांधलेला असतो, पण इलेक्ट्रॉन शलाकेला चुंबकीय वा विद्युत् क्षेत्राने कोणत्याही दिशेला वळविता येते. म्हणजे तत्त्वतः चित्र कोणत्याही आकाराचे घेणे शक्य होते. तरीही आयतच का निवडला गेला, हे समजण्यासाठी इतर पर्याय पाहिले पाहिजेत.

पहिला पर्याय म्हणजे केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या त्रिज्यांवरून क्रमवीक्षण करणे. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी नेमकी हीच पद्धत वापरली गेली व रडारचा पडदा वर्तुळाकारच राहिला. चहूबाजूंना फिरणाऱ्या आकाशकाला (अँटेनाला) हा आकार अनुरूप आहे. परंतु त्रिज्या केंद्राजवळ दाट व कडेला विरळ असल्याने दृश्याचा तपशील सर्वत्र सारखा मिळत नाही. दुसरा पर्याय सर्पिल मार्गाचा. शलाका समान कोनीय वेगाने फिरल्यास केंद्राजवळ ती सावकाश व कडेला वेगाने जाते आणि त्यामुळे चित्राची तेजस्विता व सूक्ष्मता असमान होते. तिसरा पर्याय म्हणजे आडव्या रेषांनी वर्तुळ भरणे. यात मधली रेषा सर्वांत लांब व वरखालच्या रेषा आखूड होतात. प्रत्येक रेषेला सारखाच वेळ दिला, तर वर्तुळाबाहेरील कोपऱ्यांत शलाका रिकामी हिंडते. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्याला वेढणाऱ्या चौरसाच्या ७८·५ टक्के असल्याने प्रेषणाचा सु. २१·५ टक्के वेळ असा वाया जाईल.

आयताकार क्रमवीक्षणात हे दोष नाहीत. शलाकेला आडवी हलविणारा व उभी हलविणारा असे दोन विद्युत् प्रवाह परस्परांपासून स्वतंत्र ठेवता येतात. दोन्ही प्रवाह करवतीच्या दातांसारखे, म्हणजे हळूहळू वाढून एकदम खाली येणारे असतात व ते निर्माण करणारी मंडले साधी असतात. प्रत्येक रेषा समान लांबीची, समान वेळेची व समान तेजाची असते. भारताने स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे १५,६२५ रेषा पाठविल्या जात. प्रत्येक रेषेस ६४ मायक्रोसेकंद मिळत व त्यांपैकी सु. ५२ मायक्रोसेकंद चित्रासाठी वापरले जात. प्रेषक व लक्षावधी ग्राही यांची गती तंतोतंत जुळवावयाची असल्याने ही एकविधता अत्यंत मोलाची होती. क्रमवीक्षणामुळे चित्र आयत असावे हे ठरले. त्या आयताच्या बाजूंचे गुणोत्तर किती असावे, हे मात्र क्रमवीक्षणाने ठरत नाही. ते चित्रपटाकडून आले.

४:३ हे मानक : बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून इलेक्ट्रॉनीय दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण सुरू केले. तेथील ४०५ रेषांच्या पद्धतीत प्रारंभी ५:४ हे गुणोत्तर होते. अमेरिकेत राष्ट्रीय दूरचित्रवाणी पद्धती समितीने शिफारस केलेले ५२५ रेषांचे मानक १९४१ मध्ये अमलात आले. त्यात ४:३ हे गुणोत्तर निश्चित करण्यात आले. चित्रपट हा दूरचित्रवाणीला आयता मिळणारा कार्यक्रमांचा मोठा साठा होता. चित्रपटाची चौकट व पडदा यांचे प्रमाण जुळले, तर चित्र न कापता व कडेला रिकामी जागा न सोडता दाखविता येते. ब्रिटननेही १९५० मध्ये ५:४ सोडून ४:३ हे गुणोत्तर स्वीकारले.

वर्तुळाकार काच, आयताकार चित्र : चित्रनलिकेच्या आत निर्वात असतो व बाहेरून वातावरणाचा दाब दर चौ. सेंमी.ला सु. १ किग्रॅ. इतका पडतो. ५० सेंमी. व्यासाच्या वर्तुळाकार तोंडाचे क्षेत्रफळ १,९६० चौ. सेंमी.हून थोडे अधिक असल्याने त्याच्यावर सु. दोन टन भार येतो. वर्तुळाकार व किंचित फुगीर काचेवर हा भार सर्व बाजूंना सारखा वाटला जातो. आयताकार काचेत मात्र कडांच्या मध्यावर व कोपऱ्यांत ताण साचतो व ती फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रारंभीच्या सर्व चित्रनलिका वर्तुळाकार होत्या.

या वर्तुळात आयताकार चित्र बसवावयाचे, तर आयताचा कर्ण वर्तुळाच्या व्यासाएवढा असावा लागतो. ४ व ३ या बाजूंचा कर्ण ५ येतो. अशा आयताने वर्तुळाचे ६१ टक्के क्षेत्रफळ व्यापले जाते. चौरसाने ६४ टक्के, ५:४ आयताने ६२ टक्के, तर १६:९ आयताने ५४ टक्के भाग व्यापला असता. ४:३ हा आयत काचेचा पुरेपूर उपयोग करणाऱ्या चौरसाच्या बराच जवळ होता व त्यामुळे नलिका बनविणाऱ्यांनाही तो परवडणारा होता. तरीही ३९ टक्के काच मुखवट्याखाली झाकली जाई. तत्कालीन संचांतील पडद्याचे गोलसर कोपरे व फुगीर कडा या तडजोडीतून आलेल्या होत्या. पडद्याचे माप कर्णाने सांगण्याची आजची रीतही येथूनच आली. कारखान्यात नलिका तिच्या व्यासावरून ओळखली जाई आणि व्यास हाच चित्राचा जास्तीत जास्त कर्ण असे.

झाकलेल्या काचेचा उपयोग करून घेण्याचा प्रयत्नही झाला. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत झेनिथ या कंपनीने संपूर्ण वर्तुळाकार पडद्याचे संच विकले. त्यांत चित्र मोठे करून वर्तुळ भरून टाकीत. त्याच नलिकेवर चित्राचे क्षेत्र सु. १·६ पट होत असे. पण येणारा संकेत आयताकार चित्राचाच असल्याने कोपऱ्यांतील भाग पडद्याबाहेर जाई. चित्राची उंची नलिकेच्या व्यासाएवढी केल्यास ४:३ चित्राचा सु. ४१ टक्के भाग दिसत नाही. कोपऱ्यांतील व कडांजवळील अक्षरे यात कापली जात. हे संच काही वर्षांतच मागे पडले. प्रेषण आयताकार असताना एकट्या ग्राहीने आकार बदलून भागत नाही, हे या प्रयोगातून दिसून आले.

१९५० च्या सुमारास आयताकार तोंडाच्या कृष्णधवल चित्रनलिका बाजारात आल्या. त्यासाठी काचेची जाडी वाढवावी लागली व फुटण्यापासून संरक्षण म्हणून समोर वेगळी काच बसवावी लागली; पुढे तोंडाभोवती ताणलेला पोलादी पट्टा वापरण्यात येऊ लागला. केंद्रापेक्षा कोपऱ्यांपर्यंत शलाकेला लांबचा पल्ला गाठावा लागत असल्याने चित्राच्या कडा आत दबल्यासारख्या दिसत. ही विकृती चुंबकांच्या व विचलन वेटोळ्यांच्या रचनेने दूर करावी लागे. रंगीत चित्रनलिकेत तीन शलाका अचूक जुळवावयाच्या असल्याने ती अधिक काळ वर्तुळाकार राहिली व १९६०–७० या दशकाच्या मध्यास तीही आयताकार झाली. हा सर्व खटाटोप चित्राच्या ठरलेल्या आकाराला काच अनुरूप व्हावी म्हणून होता. काच कारखान्यात बदलता येत होती. प्रेषणाचे मानक बदलणे म्हणजे सर्व प्रेषक, कॅमेरे, ध्वनिचित्रफिती व घरोघरचे संच बदलणे होते.

रुंद पडद्याचे आगमन : चित्रपटाकडून आकार उसना घेतलेली दूरचित्रवाणी थोड्याच वर्षांत चित्रपटाची प्रतिस्पर्धी बनली. प्रेक्षक घरी बसू लागले, तेव्हा घरच्या पडद्यावर न मिळणारे असे काही देण्याच्या हेतूने हॉलिवुडने पडदा रुंद केला. १९५२ मध्ये सिनेरामा, १९५३ मध्ये द रोब या चित्रपटाद्वारे सिनेमास्कोप आणि १९५४ मध्ये व्हिस्टाव्हिजन या पद्धती पुढे आल्या. सिनेमास्कोपमध्ये विशिष्ट भिंगाने दृश्य आडवे दाबून नेहमीच्या फिल्मवर घेतात व दाखविताना पुन्हा रुंदावतात. तिचे गुणोत्तर प्रारंभी २·५५:१ व पुढे २·३५:१ होते. भारतात गुरुदत्त यांचा १९५९ मधील कागज के फूल हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट होय.

हे चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर दाखविण्याची वेळ आली, तेव्हा दोन आकारांमधील विसंगती तीव्रतेने जाणवली. २·३५:१ चे चित्र ४:३ पडद्यावर संपूर्ण दाखविले, तर ते पडद्याची केवळ ५७ टक्के उंची व्यापते आणि वरखाली काळे पट्टे उरतात. पडदा भरून दाखविले, तर ४३ टक्के चित्र कापावे लागते. अनेक प्रक्षेपकांनी दुसरा मार्ग पत्करला. दृश्याचा कोणता भाग ठेवावयाचा हे चित्रपटाचा दिग्दर्शक नव्हे, तर प्रत तयार करणारा तंत्रज्ञ ठरवी. दोन टोकांना उभ्या असलेल्या दोन पात्रांपैकी एकच दिसे, किंवा मूळ चित्रीकरणात नसलेली कॅमेऱ्याची हालचाल कृत्रिम रीतीने निर्माण केली जाई. पात्रांमधील अंतर, रिकामी जागा व छायाप्रकाश यांतून दिग्दर्शकाने साधलेला अर्थ यात नाहीसा होतो. कित्येक पिढ्यांनी जुने चित्रपट प्रथम याच कापलेल्या रूपात पाहिले.

१६:९ हे मानक : जपानच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने (एनएचकेने) १९६४ नंतर उच्च विभेदनाच्या दूरचित्रवाणीचे संशोधन हाती घेतले. मोठ्या पडद्यासमोर जवळ बसणाऱ्या प्रेक्षकाला रुंद चित्र अधिक आवडते असे तीत आढळले व ५:३ हे गुणोत्तर सुचविण्यात आले. अमेरिकेतील चलच्चित्र व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेच्या एका कार्यगटात कर्न्स पॉवर्स यांनी १९८४ च्या सुमारास निराळा विचार मांडला. ४:३ पासून २·३५:१ पर्यंत प्रचलित असलेले सर्व आयत समान क्षेत्रफळाचे काढून त्यांचे मध्यबिंदू एकमेकांवर ठेवले असता, त्या सर्वांना सामावून घेणारा बाहेरील आयत आणि सर्वांना समाईक असलेला आतील आयत या दोहोंचे गुणोत्तर सु. १·७७:१ येते, असे त्यांनी दाखविले. ही संख्या ४:३ व २·३५:१ यांचा गुणोत्तरीय मध्य होय. १६:९ (१·७८) हे गुणोत्तर या संख्येच्या अगदी जवळ असून ते ४:३ चा बरोबर वर्गही आहे. १९९० मध्ये उच्च विभेदनाच्या दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हेच गुणोत्तर समाविष्ट झाले.

१६:९ या आकाराचा उगम सौंदर्यशास्त्रात नाही. परस्परविरोधी आकारांचा जुना वारसा कमीत कमी नुकसान करून एकाच पडद्यावर दाखविण्यासाठी काढलेली ती सरासरी आहे. आयताकार पडद्याचे मूळ सुवर्णगुणोत्तरात (१·६१८:१) आहे असे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु ४:३ (१·३३) व १६:९ (१·७८) ही दोन्ही गुणोत्तरे त्याच्यापासून दूर आहेत. दोन डोळे शेजारीशेजारी असल्याने पडदा आडवा असतो, या स्पष्टीकरणात काही तथ्य आहे. दोन्ही डोळ्यांचे एकत्रित दृष्टिक्षेत्र आडव्या दिशेत सु. २००° व उभ्या दिशेत सु. १३०° असते. तथापि आडव्या आयताची पसंती यावरून समजली, तरी कोणतेही विशिष्ट गुणोत्तर यातून निघत नाही.

भारतातील स्थिती : भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९८२ मध्ये रंगीत प्रसारणास आरंभ झाला. या संपूर्ण काळात ६२५ रेषा व ४:३ हेच मानक होते. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दूरदर्शनने उच्च विभेदनाचे १६:९ प्रसारण केले. या सुमारास चित्रनलिकेची जागा सपाट पडदे घेत होते.

या स्थित्यंतरात ग्राहकाच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट घडली. पडद्याचे माप कर्णाने सांगण्याची रीत तशीच राहिली, पण समान कर्ण असलेल्या दोन आयतांचे क्षेत्रफळ समान नसते. ५१ सेंमी. कर्णाचा ४:३ पडदा सु. ४१ सेंमी. रुंद व ३१ सेंमी. उंच असतो, तर त्याच कर्णाचा १६:९ पडदा सु. ४४ सेंमी. रुंद व २५ सेंमी. उंच असतो. दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याहून सु. ११ टक्के कमी भरते. जुना कार्यक्रम पूर्वीइतक्याच आकारमानात पाहावयाचा, तर नव्या पडद्याचा कर्ण ६२ सेंमी.हून थोडा अधिक हवा.

सपाट पडदा व उभे चित्र : द्रव स्फटिकांच्या सपाट पडद्यात इलेक्ट्रॉन शलाका, निर्वात व फुगीर काच यांपैकी काहीच नसते. चित्रघटक ओळी व स्तंभ यांत मांडलेले असतात आणि प्रत्येक घटकाला त्याच्या ओळीवरून व स्तंभावरून संकेत दिला जातो. एका मोठ्या काचेच्या तक्त्यातून अनेक पडदे कापून काढतात. आयत कापताना मध्ये वाया जाणारी जागा फारच थोडी असते. क्रमवीक्षणाची मूळ अडचण संपली, तरी आयताला नवी कारणे मिळाली. मनगटी घड्याळांसाठी वर्तुळाकार पडदे तयार होतात, त्यावरून अन्य आकार अशक्य नाहीत हेही दिसते.

भ्रमणध्वनी उभा धरून चित्रण करण्याची पद्धत रूढ झाल्यावर ९:१६ असा उभा आयत प्रचारात आला. एका व्यक्तीचा चेहरा व खांदे दाखविण्यास तो सोयीचा आहे. बेअर्ड यांच्या ३० रेषांच्या उभ्या पडद्याचेही प्रयोजन तेच होते. हातात धरण्याच्या साधनाचा आकार व दाखवावयाचा विषय यांवरून आता चौकट ठरू लागली आहे.

जुन्या चित्रांचे जतन : पडद्याचा आकार बदलला की, आधीच्या आकारातील चित्रांचे काय करावयाचे हा प्रश्न प्रत्येक वेळी उभा राहतो. १९५९ नंतरची सु. पाच दशके भारतात निर्माण झालेल्या बातम्या, मुलाखती, संगीतसभा, नाटके व मालिका मुख्यतः ४:३ या चौकटीसाठी चित्रित झाल्या आहेत. १९८७-८८ मधील रामायण ही मालिका २०२० मध्ये पुन्हा प्रक्षेपित झाली, तेव्हा बाजारातील नवे संच १६:९ पडद्याचे होते. अशा पडद्यावर ४:३ चित्र तीन प्रकारे दाखविता येते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवल्यास पडद्याची ७५ टक्के रुंदी वापरली जाते व चित्र अबाधित राहते. चित्र आडवे ताणल्यास त्याची रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. चेहरे रुंद होतात व वर्तुळे लंबगोल दिसतात. वरखालचा भाग कापल्यास उंचीचा एक-चतुर्थांश भाग जातो व त्यात नर्तकीची पावले, तबलजीचे हात किंवा चित्राखालची नावे नाहीशी होऊ शकतात. रिकामे पट्टे प्रेक्षकाला खटकतात म्हणून दुसरा वा तिसरा मार्ग पत्करला जातो. सिनेमास्कोप चित्रपटांची दूरचित्रवाणीसाठी झालेली काटछाट व ही काटछाट यांचे स्वरूप सारखेच आहे. केवळ दिशा उलट झाली आहे.

प्रक्षेपणाच्या वेळी ताणलेले चित्र मूळ प्रतीवरून पुन्हा दुरुस्त करता येते. पण कापलेली प्रतच जतन केली व मूळ ध्वनिचित्रफीत नष्ट झाली किंवा पुसली गेली, तर गेलेला भाग कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. म्हणून अभिलेखागारात चित्र मूळ गुणोत्तरातच साठविणे व त्याची नोंद प्रतीसोबत ठेवणे आवश्यक ठरते. पडद्याची चौकट गेल्या शतकात अनेकदा बदलली आहे व यापुढेही ती बदलण्याचा संभव आहे. प्रचलित पडद्याच्या मापाने कापून ठेवलेले चित्र पुढील पडद्यासाठी पुन्हा अपुरेच ठरेल.